मदत हवी आहे : अप्पा उठले की बीपी पडतं, पण नाडी जागची हलत नाही

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण आकडे मांडल्याशिवाय विचारता येणार नाही.

लातूरपासून तासाभरावर आमचं गाव. अप्पा ६८ वर्षांचे, अजून दोन्ही वेळा स्वतः धार काढतात. गेल्या महिन्यात भरलेली चरवी घेऊन उठले आणि दावणीला धरून तिथंच खाली बसले. दूध सगळं शेणात. "डोळ्याम्होरं अंधारी आली, बाकी काय नाय." त्यांना स्वतःपेक्षा दुधाचंच जास्त लागलं. पुढं दोनदा असंच झालं, दोन्ही वेळा उठतानाच.

तालुक्याला दाखवलं. खुर्चीवर बसवून बीपी घेतलं, १३४/८२. "वयानं होतं, पाणी पीत जा." पाच मिनिटांत बाहेर.

मग मी घरच्या मशीनवर मापलं. पाच मिनिटं आडवं पडल्यावर १३८/८४, नाडी ६२. उभं राहून तीन मिनिटांनी ११०/७०, नाडी ६४. तीन दिवस पाहिलं, दोन-चार आकड्यांचाच फरक.

गोळ्या : सकाळी बीपीची अम्लोडिपिन-अटेनोलॉल जोडगोळी, बरीच वर्षं. रात्री प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, ही दिवाळीनंतर चालू झाली. साखर नाही.

माझी भाची लातुरात नीटची तयारी करतेय. तिनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं ते असं : मानेतली मोठी धमनी जिथं दुभागते तिथं आणि हृदयावरच्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूच्या बुडाशी, मस्तिष्कपुच्छात, एनटीएस नावाच्या पेशीगटाला ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडून कळवतात. तिथून दोन फाटे. एक व्हेगस नसेकडं : ती हृदयावर अॅसिटिलकोलीन सोडते, ठोके मंदावतात. दुसरा फाटा मधल्या एका पेशीगटातून आरव्हीएलएमकडं. हा आरव्हीएलएम रक्तवाहिन्या आवळून ठेवणारा. त्याच्यावर गाबा हे शांत करणारं रसायन सोडून त्याला गप्प करतात. उभं राहिलं की अर्धा लिटरच्या वर रक्त पायात-पोटात उतरतं, मानेतला ताण घटतो आणि सगळं उलटं होतं. गाबाचा लगाम सैल, नॉरअॅड्रेनॅलीन वाढतं, वाहिन्या आवळतात, नाडी वाढते.

मग अप्पांची नाडी का वाढेना? बिघाड मेंदूत आहे का खाली? आणि तिचा एक प्रश्न : गाबा एनटीएसमध्ये टोचला तर बीपी वाढतं, आरव्हीएलएममध्ये टोचला तर पडतं. रसायन तेच, परिणाम उलटा. क्लासमध्ये "पाठ कर" म्हणायलेत.

प्रतिसाद १
लिंबूपाणी, चिमूटभर मीठ घालून. आमच्या आईला गुण आला.

प्रतिसाद २
बीपीच्या गोळ्या चालू असलेल्याला मीठ वाढवायचं डॉक्टरांना विचारूनच, कृपया.

दादा, मी औषधशास्त्र शिकवते. तुम्ही आडवं आणि उभं दोन्ही घेतलंत, हे फार बरं केलंत. बसून मापलं तर हे सापडतच नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० पडलं तर आम्ही त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतो. अप्पांचं २८ आणि १४ पडतंय. याला नुसतं "वय" म्हणून सोडू नका.

नाडीचं म्हणाल तर नेहमीचा हिशोब असा : वरचं बीपी जितकं पडलं त्याच्या निम्म्यानंही नाडी चढली नाही, तर नसांच्या वाटेवर संशय. पण अटेनोलॉल चालू असताना हा हिशोब धरायचा नाही. विहिरीवर मोबाईल स्टार्टर असेल ना? कॉल लागतो, पण एक फेज गेलेली असली की मोटार उचलत नाही. मेंदूच्या हुकमानं नसा हृदयावर नॉरअॅड्रेनॅलीन सोडताहेत, पण ते पकडणारे तिथल्या पेशींवरचे बीटा ग्राहक (रिसेप्टर) गोळीनं झाकलेत. टॅम्सुलोसिन अल्फा ग्राहक झाकते. मुख्यतः प्रोस्टेटचे, पण थोडे रक्तवाहिन्यांचेही. अम्लोडिपिन वाहिन्या सैल करतेच. तेव्हा मेंदूआधी गोळ्यांकडं बघा. अटेनोलॉल मनानं एकदम बंद करू नका, बीपी आणि नाडी उसळतात, छातीत दुखूही शकतं.

अप्पा फवारणी करतात का? काही कीटकनाशकांनी अॅसिटिलकोलीन मोडायचंच थांबतं, नाडी मंद होते. तेव्हा लाळ, घाम, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या असंही दिसतं, आणि दवाखान्यात अॅट्रोपिन देतात ते याच्यावरच.

भाचीला सांगा, गाबाचं काम दोन्हीकडं एकच, समोरच्या पेशीला गप्प करणं. आरव्हीएलएम गप्प झाला तर आवळणारा हातच सुटला, बीपी पडलं. एनटीएस गप्प झाला तर मानेकडची खबर ऐकणारा कानच बंद. पुढच्यांना वाटतं दाब पडलाय, म्हणून ते चढवतात. तिला ऑटो लोवीचा १९२१ चा प्रयोगही वाचायला सांगा. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस चेतवली, त्याभोवतालचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं, म्हणजे नस रसायन सोडूनच काम करते.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)
फवारणी नव्हती. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून लातूरला फिजिशियनकडं गेलो. त्यांनी आडवं-उभं स्वतः मापलं. अटेनोलॉल टप्प्याटप्प्यानं उतरवताहेत, प्रोस्टेटची गोळी बदलली. काल १४२/८६ वरून उभं राहून १२८/८०, नाडी ७० वरून ७९. अंधारी आली नाही. तरी चरवी मी उचलतो, यावरून घरात रोज वाद.

एक राहिलं : मशीनचा पट्टा अप्पांच्या दंडाला ढगळ होतो. आधीचे आकडे चुकले असतील का?

प्रतिसाद २
पट्टा मोठा असला की आकडा थोडा कमी दाखवतो. दोन्ही वेळा तोच पट्टा होता, म्हणून पडझड खरीच धरा. पण वरचा १४२ खरा किती, ते बेताच्या पट्ट्यानं एकदा बघून घ्या.