मदत हवी आहे: ‘नासरेथ’ या नावाचा हिब्रू अर्थ नक्की कोणता?

नगरची_लेक
रविवारच्या आत हवं आहे, म्हणून थेट विचारते. येशू जिथे वाढला त्या नासरेथ गावाच्या नावाचा हिब्रू अर्थ काय? एका पुस्तकात ‘फांदी’ दिलंय, दुसऱ्यात ‘पहारा’, तिसऱ्यात ‘देवाला वाहिलेला’. आमच्या गटातले एक काका तिसराच खरा म्हणून अडून बसलेत. ‘गूगल करा’ सांगू नका, करून झालंय. एकच बरोबर उत्तर द्या.

तळटीप
कुठल्या वचनासाठी हवंय? जुन्या करारात शोधत असाल तर तिथे हे गाव नाहीच. यहोशवा 19 मध्ये जबुलून वंशाच्या गावांची यादी आहे, तीत नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस गालीलात 204 गावं-नगरं होती असं लिहितो, पण नासरेथचं नाव घेत नाही. त्यामुळे हिब्रू बायबलातून याचं स्पेलिंग मिळत नाही. सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

नगरची_लेक
वचन मत्तय 2:23, दुसरं कुठलं असणार? येशू नासरेथात राहिला आणि त्याला ‘नासोरी म्हणतील’ हे संदेष्ट्यांच्या द्वारे सांगितलेलं पूर्ण झालं, तेच.

केडगावकर
पंडिता रमाबाईंचं भाषांतर बघा. त्या त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुक्ती मिशनमधल्या बायकांकडून छपाईचं काम करून घेतलं. 1922 मध्ये त्या वारल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये आलं. मराठीत एवढं मोठं काम दुसऱ्या कुठल्या बाईने केलंय सांगा.

तळटीप
केडगावकर, रमाबाईंबद्दल आदर आहेच. पण या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही. ताईंनी शब्दाचं मूळ विचारलंय.

अक्षरवेडा
नगरची_लेक, काका कुठल्या शब्दावरून सांगतायत? ‘नाजीर’ ना?

नगरची_लेक
हो, नाजीर, म्हणजे व्रत घेऊन देवाला वाहिलेला माणूस. गणना 6. शमशोन होता तसा. म्हणतात, मत्तयाने शमशोनाच्या जन्माच्या शास्ते 13 कडे बोट दाखवलंय.

अक्षरवेडा
मग नीट सांगतो. हिब्रूत दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘नाजीर’मध्ये झाइन, म्हणजे साधारण आपल्या ‘जहाज’मधला ज. ‘फांदी’ म्हणजे नेत्सेर, त्यात त्सादे. आजच्या हिब्रू उच्चारात तो ‘चमचा’तला च. ‘पहारा’वाला शब्द नात्सार, त्यातही त्सादेच. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन अर्थ एकाच अक्षरांचे आहेत आणि काकांचा शब्द वेगळ्या घरचा आहे.

प्रश्न एवढाच उरतो की गावाच्या नावात कुठलं अक्षर होतं. 1962 मध्ये कैसरियाला जुन्या सभास्थानाच्या अवशेषांत संगमरवरी लेखाचा तुकडा मिळाला. 1 इतिहास 24 मध्ये याजकांचे 24 वर्ग आहेत ना, कुठला वर्ग कुठल्या गावी राहतो त्याची यादी होती ती. त्यात नासरेथ आहे: नून, त्सादे, रेश, ताव. माझ्या मते नाजीरचा विषय इथेच संपतो.

तळटीप
इतक्या लवकर नाही. तो लेख तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानतात. मत्तय पहिल्या शतकातला, आणि ग्रीकमध्ये त्याने नाव झीटाने (‘झ’चं अक्षर) लिहिलंय, सिग्माने (‘स’चं) नाही. त्सादेचा ग्रीकमध्ये नेहमी ‘स’ होतो. मराठीतही कुणी नासरेथ छापतं, कुणी नाझरेथ, त्यामागे हेच आहे.

भटक्या
ताई, नासरेथला जाणार असाल तर मुक्काम तिथेच करा, हैफाहून धावतपळत करू नका. मरीयेला देवदूताने निरोप दिला त्या जागेवर मोठी बॅसिलिका आहे, 1969 मध्ये अर्पण झालेली. भिंतींवर वेगवेगळ्या देशांनी दिलेली मरीयेची चित्रं आहेत, ती सावकाश बघण्यासारखी. गाव चारी बाजूंनी टेकड्यांच्या खोलगट भागात आहे, अरब वस्तीचं, ते लोक अन-नासिरा म्हणतात. सुमारे सहा किलोमीटरवर त्सिप्पोरी आहे, तिथली मोझॅक सोडू नका.

तळटीप
भटक्यांनी नकळत माझा मुद्दा मांडला! त्सिप्पोरीतही त्सादे आहे आणि ग्रीक लोक तिला सेप्फोरिस म्हणत, सिग्माने. शेजारच्या गावाचा ‘स’ आणि नासरेथचा ‘झ’, हे कसं?

अक्षरवेडा
नेहमी ‘स’ होतो हे खरं नाही. उत्पत्ति 13:10 मधलं सोअर हिब्रूत त्सादेने आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘झोगोरा’ आहे, झीटाने. तेच गाव 19:22 मध्ये ‘सेगोर’, सिग्माने. एकाच पुस्तकात एकाच गावाची दोन रूपं मिळतात, मग नासरेथचं नवल कशाला?

तळटीप
एका उदाहरणावर नियम मोडत नाही. अपवाद शक्य आहे, एवढंच म्हणेन.

रेवदंडेकर
आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. घरी प्रार्थना हिब्रूत, बोलणं मराठीत. हिब्रूत ख्रिस्ती लोकांना ‘नोत्स्रीम’ म्हणतात, त्सादेनेच. अरबीत नसारा, तिथेही साद, म्हणजे त्सादेचंच अरबी भावंड. यहुदी आणि अरब दोघांच्या तोंडी तोच आवाज राहिलाय, हे मला कैसरियाच्या दगडाइतकंच वजनदार वाटतं.
अवांतर: येशूला अटक झाली ती बाग गेथशेमाने, त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. कोकणात आमचे पूर्वज घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्या बागेचं नाव वाचलं की मला आजोळ आठवतं.

केडगावकर
रेवदंडेकर, शनवार तेलींवर वेगळा धागा काढा ना. फार कमी लोकांना माहीत आहे.

नगरची_लेक
धागा दुसरीकडे नेऊ नका, प्लीज. काकांना काय सांगू? ते अक्षरं ऐकणार नाहीत, वचन मागतील.

अक्षरवेडा
मग वचनच द्या. गणना 6 प्रमाणे नाजीराने द्राक्षारस प्यायचा नाही, प्रेताजवळ जायचं नाही. लूक 7:34 मध्ये मनुष्याचा पुत्र ‘खात पीत आला’ असं आहे. मार्क 5 मध्ये येशू याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरतो. येशू तसल्या व्रतात नव्हता हे शुभवर्तमानं उघड सांगतात.

नगरची_लेक
हे चालेल! आणि फांदी? यशया 11:1 मध्ये ‘धुमारा’ आहे, तोच ना नेत्सेर?

अक्षरवेडा
नाही, हे रविवारी जपा. पहिल्या अर्ध्यातला धुमारा म्हणजे ‘होतेर’. नेत्सेर दुसऱ्या अर्ध्यात आहे, इशायाच्या मुळांतून फुटलेली शाखा. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही नासरेथ त्या वचनाशी जोडलं आणि गावाला गालीलचं फूल म्हटलं.

तळटीप
तेच यशया 14:19 मध्ये नेत्सेर ‘टाकून दिलेली फांदी’ या अर्थी आहे. शिवाय मत्तय ‘संदेष्ट्यांच्या’ म्हणतो, अनेकवचनी. यिर्मया 23:5 आणि जखऱ्या 3:8 मध्येही अंकुर आहे, पण शब्द ‘त्सेमाख’. म्हणजे मत्तयाच्या मनात नेत्सेरच होतं असं छातीठोक सांगू नका.

अक्षरवेडा
अनेकवचन माझ्याच बाजूने जातं. शब्द वेगळे असले तरी दावीदाच्या घराण्याचा अंकुर ही कल्पना तिन्ही संदेष्ट्यांत आहे.

नगरची_लेक
आणि पहारा? टेकडीवरचं गाव म्हणून?

रेवदंडेकर
यिर्मया 31:6 मध्ये एफ्राइमाच्या डोंगरावरचे पहारेकरी ‘नोत्स्रीम’च आहेत. अर्थ जुळतो. पण भटक्यांनी सांगितलंच की गाव खोलगट भागात आहे, पहारा आजूबाजूच्या टेकड्यांवरून शक्य. मी फांदीच्या बाजूने.

नगरची_लेक
ठरलं. नाजीर नाही, हे ठामपणे सांगेन. फांदी जास्त जुळते, पहारा शक्य आहे, एवढंच पुढे ठेवेन. तळटीपदादा, तुमचा झीटाही सांगणार आहे, काका तोच धरतील तरी. कैसरियाच्या तुकड्याचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर शनिवार रात्रीपर्यंत टाका, सगळ्यांना ते अक्षर डोळ्यांनी दाखवायचंय.

तळटीप
शोधतो. फोटोत अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची हे आधी सांगा, नाहीतर गटातले लोक त्सादे भलत्याच टोकाला शोधत बसतील.