मे महिन्यात वाळवंट बघायला कुठं जावं? (आई सोबत आहे)

कँटीनवाला, फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ एका कॉलेजचं कँटीन चालवतो. पहाटे साडेपाचला पातळ भाजीची फोडणी, मग बन्स, मग दहाच्या सुट्टीसाठी मिरची-भजी. वर्षभर हेच. मला सुट्टी मिळते ती पोरांना सुट्टी लागल्यावर, म्हणजे मेमध्ये. सगळा देश त्या महिन्यात आमच्याकडे गोव्याला येतो आणि आम्ही विचारतोय, आम्ही कुठं जायचं?

यंदा आईने फर्मान काढलंय. तिला वाळवंट बघायचंय. वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे ठीकठाक. कारण विचारलं तर म्हणाली, "पावस पडना तसलो गांव म्हाका दाखय." म्हणजे पाऊस पडत नाही असा गाव दाखव. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. बाईचा जन्म वाळवणात गेलाय. भिरंडांची म्हणजे कोकमांची सोलां, सुकी सुंगटं (कोळंबी), सांडगी मिरची, चिंच, पापड. मेच्या शेवटी एक ढग दिसला की अख्खं घर अंगणात धावतं. आणि जूनपासून कपडे चुलीवरच्या दोरीला, शाळेत आमच्या अंगाला धुराचा वास यायचा. तिला म्हणे असा गाव बघायचाय जिथं सकाळी घातलेलं वाळवण दुपारी निवांत उचलता येतं.

आम्ही चौघं: मी, बायको, आई आणि नववीत गेलेली मुलगी. तारखा ८ ते १८ मे. त्यापुढे नाही, कारण पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरायचं असतं आणि ते आई दुसऱ्या कोणावर सोडत नाही. बजेट दीड लाख, ओढूनताणून पावणेदोन.

मनात जैसलमेर आहे. मेमध्ये खोल्या निम्म्या भावात मिळताहेत. फक्त एका हॉटेलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आप मई में आ रहे हैं? पक्का?" तेव्हापासून जरा धास्ती बसलीय. पण मी वर्षभर भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, ४५ अंशांचं मला काय? चुलतभाऊ दुबईला आहे, तो तिकडे बोलावतोय. बायको म्हणते लडाख. लडाख वाळवंट कसं, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

माडाखाली, पेडणे

"पक्का?" विचारणारा हॉटेलवाला प्रामाणिक आहे, त्याचा नंबर जपून ठेवा.

आम्ही नवरा-बायको २०२२च्या मेमध्ये जैसलमेरला दोन रात्री राहिलो. निम्म्या भावालाच भुलून. भट्टीचं म्हणताय ना, भट्टीपासून चार पावलं मागे सरकलं की सुटका होते. तिथं मागे सरकायला जागा नाही. वारा आला की बरं वाटेल अशी आपली समजूत असते. तिथला वारा अंगापेक्षा गरम. हेअर ड्रायर तोंडावर धरल्यासारखा. लू म्हणतात ती हीच. जोधपूरहून येताना वाटेत फलोदी लागतं. १९ मे २०१६ला तिथं ५१ अंश नोंदलं गेलं, देशातला उच्चांक. आमच्या डब्यातला एक म्हातारा हे इतक्या अभिमानाने सांगत होता की जणू गावच्या पोराने सुवर्णपदक आणलंय.

आमचा दिवस असा जायचा. पाचला उठायचं, सव्वापाचला किल्ल्यात. तो किल्ला खरंच बघण्यासारखा, रावळ जैसलने ११५६मध्ये बांधायला घेतलेला आणि आजही आत माणसं राहतात, कोणाच्या दारात दुधाची पिशवी, कोणाच्या खिडकीत कूलर. आतली जैन मंदिरं सकाळीच करावीत. एक तर वेळ तशी असते, दुसरं म्हणजे चपला बाहेर काढाव्या लागतात. आम्ही उशिरा पोहोचलो आणि अंगणातला पिवळा दगड असा तापला होता की बायको एका खांबाच्या सावलीवरून दुसऱ्या खांबाच्या सावलीवर उड्या मारत गेली. चामड्याचा पट्टाही काढून ठेवावा लागतो, तो असू दे.

दहाला परत खोलीवर. दहा ते सहा एसी, टीव्ही आणि एकमेकांची तोंडं. लाईट गेली तर तीही नकोशी. साडेसहाला सम नावाच्या गावच्या वाळूच्या टेकड्यांवर, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. हिवाळ्यात तिथं तंबूंची रांग असते, आम्ही गेलो तेव्हा बरेचसे कॅम्प बंद. उंटवाले मात्र होते. रेती सूर्य बुडाल्यावरही पायाला गरम लागत होती. वाळवंटात रात्री थंडी पडते हे भूगोलात शिकलो होतो. मेमध्ये नाही पडत. रात्री दहाला आम्ही गच्चीवर घाम पुसत बसलो होतो.

आईच्या मनातलं मात्र तिथं शंभर टक्के मिळेल. धुतलेला रुमाल कठड्यावर टाकला, दात घासून येईपर्यंत कडकडीत. आणि त्यांची सगळी भाजीच वाळवणाची. केर, सांगरी, काचरी, मुगाच्या वड्या. पाणी नाही म्हणून सगळं सुकवून ठेवायचं आणि वर्षभर खायचं. आपण पावसाच्या भीतीने सुकवतो, ते पावसाची वाट बघून. तुमची आई तिथल्या बायकांशी भाषा येत नसतानाही तासभर बोलेल.

तरीही मेमध्ये माझ्या आईला मी नेलं नसतं. दिवाळीच्या सुट्टीत का नाही जात?

कच्छचं रण कोणी सुचवायच्या आधी: रणोत्सव हिवाळ्यात असतो. मेमध्ये त्या पांढऱ्या मिठावर दुपारी उभं राहिलं तर ऊन वरून आणि खालून, दोन्हीकडून लागतं.

कँटीनवाला, फोंडा

दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी असतात हो. त्याच तीन आठवड्यांत मुलीची फी निघते. तेव्हा मे म्हणजे मेच.

रुमालाची गोष्ट आईला वाचून दाखवली. म्हणाली, "बघ!" आता ती जैसलमेरवर अडून बसलीय. उपकार झाले तुमचे.

आखाती पाव्हणा, म्हापसा

दुबईत अकरा वर्षं काढली, म्हणून थोडक्यात. मेमध्ये नको. समुद्रकाठचं शहर, त्यामुळे चाळिशीच्या आसपासचं ऊन आणि वर आपल्यासारखाच दमटपणा. तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे. माझ्या साईटवर त्या वेळी आम्ही जिन्याखाली पुठ्ठे टाकून झोपायचो. आता विचार करा, जिथं मजुराला सरकार आत बसवतं तिथं तुम्ही पैसे देऊन बाहेर फिरणार. होईल काय, तर चुलतभाऊ तुम्हाला मॉल दाखवील, संध्याकाळी गाडीतून तासभर वाळूत उड्या मारून आणील, आणि आईचे गुडघे त्यातच जातील. वाळवण तर सोडाच, बाल्कनीत कपडे वाळत घातले तर बिल्डिंगवाले ओरडतात.

खरं तर मेमध्ये वाळवंट बघायचं तर विषुववृत्ताच्या पलीकडे जावं. नामिबियात तेव्हा थंडीचे दिवस सुरू होतात. पण ते दीड लाखात नाही बसत, तेव्हा मी गप्प.

गोळ्यावाला, डिचोली

माझं औषधांचं दुकान आहे, डॉक्टर नाही मी. पण एक गोष्ट बघा. आईच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय? रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. त्या गोळीने शरीरातलं पाणी आणि मीठ तसंही कमी होत असतं.

गोव्यात घाम दिसतो, कारण तो वाळत नाही. बनियन चिकटतं, माणूस वैतागतो आणि पाणी पितो. कोरड्या हवेत घाम कातडीवर येताक्षणी उडून जातो. अंग कोरडं, म्हणून वाटतं घामच येत नाहीये. संध्याकाळी काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात तेव्हा कळतं किती गेलं ते. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा लागते, त्यात ही गोळी. चक्कर येऊन पडण्याचे प्रकार असेच होतात. गोळी मनाने बंद मात्र करू नका, तेही तितकंच वाईट. डॉक्टरांना तारीख, ठिकाण, दोन्ही सांगून विचारा.

लडाख ठरलं तरी हेच. दुकानात लोक येतात आणि भाजी मागितल्यासारखी "डायमॉक्स द्या" म्हणतात, उंचीवरच्या त्रासासाठी घेतात ती गोळी. तेही लघवी वाढवणारंच औषध आहे, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. चिठ्ठीशिवाय नाही.

भट्टीवाल्या भाऊ, तुमचं शरीर सरावलेलं असेल. आईचं आणि मुलीचं नाही.

साखळीची सून

माझे यजमान सैन्यात होते, लेहला आम्ही अडीच वर्षं काढली. लडाख वाळवंट कसं ते मी पटवते.

उन्हाने वाळवंट होत नाही, पाऊस नसला की होतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जैसलमेरला दोनशेच्या आगेमागे. लेहला साधारण शंभर. म्हणजे चार इंच. तुमच्या आईला पाऊस न पडणारा गाव हवा असेल तर लेह हे जैसलमेरपेक्षाही कोरडं आहे. आपला पाऊस सह्याद्रीला धडकून सगळा आपल्या अंगणात रिकामा होतो ना, तसाच तिकडचा हिमालयाच्या अलीकडच्या उतारावर संपतो. पलीकडे जातात ते कोरडे ढग.

आणि रेतीही आहे. नुब्रा खोऱ्यात हुंडर नावाच्या गावी खऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत, मागे बर्फाचे डोंगर आणि त्यात दोन वशिंडांचे उंट. समएवढा पसारा नाही, हे आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या घालाल. पण १० मेच्या दुपारी तिथं स्वेटर घालून वाळूत बसता येतं.

आता अडचणी. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानाने उतरलात की पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं. फिरायचं नाही, जिना उगीच चढायचा नाही, डोकं दुखलं तर लपवायचं नाही. आईंपेक्षा तुमच्या मुलीला सांभाळा, तरुण पोरंच पहिल्या दिवशी बाजारात धावतात आणि रात्री ओकतात. विमानानेच जा, रस्त्यांचं मेच्या सुरुवातीला काही खरं नसतं. नुब्राला जाताना 'खारदुंग ला' ही खिंड लागते, पाच हजार तीनशे मीटरच्या वर. तिथं फोटो काढायला दहा मिनिटं, चहा-मॅगीच्या नादाला लागू नका. पलीकडे नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, तिथं झोप चांगली लागते. रात्री थंडी असते, लोकरीचे मोजे घ्या. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे विमानात बसायच्या आधी बघा. ऊन बोचरं असतं. गारव्यामुळे कळत नाही आणि नाक सोलून निघतं.

वाळवणाचं तर विचारूच नका. घरांची छपरं सपाट, मातीची. पॉपलरच्या तुळया, वर विलोच्या बारीक फांद्या, वर माती. त्यावर उन्हाळ्याच्या शेवटी जर्दाळू पसरलेले असतात, पालेभाजीच्या जुड्या असतात. छुर्पे म्हणजे चीज सुकवतात ते दगडासारखं होतं, माझी दाढ त्यानेच गेली. मेमध्ये जर्दाळू झाडालाच असतील, तेव्हा सुकलेले बाजारातून घ्यावे लागतील.

पाऊस पडतच नाही असं मात्र नाही. ऑगस्ट २०१०मध्ये एका रात्री ढगफुटी झाली आणि त्या मातीच्या घरांची काय अवस्था झाली ते तिथल्या लोकांना विचारा.

कँटीनवाला, फोंडा

मंडळी, ठरलं. आधी डॉक्टर: पाकीट बघितलं, गोळी लघवीचीच निघाली (डिचोलीकर, जेवायला या). जैसलमेर म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. लेहला चालेल म्हणाले, रक्तदाब ताब्यात आहे, पण दोन दिवस पूर्ण आराम. जाण्याच्या आठवडाभर आधी परत तपासणी.

मग आई. "थंडीचं कसलं वाळवंट?" असं अर्धा तास चाललं. शेवटी चार इंचांचं सांगितलं. ती आमच्याकडच्या एका आषाढी दुपारचा पाऊस मोजत असावी, कारण बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "वर्षभरात चार इंच? मग छप्पर कशाला बांधतात?" सपाट मातीचं आहे म्हटल्यावर मान हलवली. मंजूर.

खर्चाचा हिशेब पावणेदोनच्या जरा वर जातोय. बायकोने सोन्याच्या भिशीतले काढायचे कबूल केलेत, त्यावर इथं चर्चा नको.

आता खरा प्रश्न. आईने बॅगेत अर्धा किलो ओली सोलां घातलीत. भिरंडं कालच फोडली. तिकडच्या छपरावर किती वेळात वाळतात ते तिला बघायचंय. विमानात चालतील का?

साखळीची सून

चेक-इनच्या बॅगेत टाका. तीन पिशव्या एकात एक घाला, रस सुटला तर सगळे स्वेटर लाल होतील. आणि गच्चीवर घातलीत की कोणीतरी राखणीला बसा. काळे-पांढरे, लांब शेपटीचे मॅगपाय असतात तिकडे, कावळ्याचे भाऊच. माझ्या मुलाचं बिस्कीट हातातून नेलं होतं.