अहिराणीने पोरं मागे पडतात?

तापीकाठ
काल इथे एकाने लिहिलं की मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम प्रमाण मराठीत डब करा, अहिराणीसारख्या खान्देशी बोलीत केले तर पोरं मागे पडतील. डोकंच फिरलं. बाहुल्यांमधून लहान मुलांना शिकवणारं 'सेसमी स्ट्रीट' अमेरिकेत १९६९ला आलं. मेक्सिकोने १९७२ला आपलं वेगळं केलं. दक्षिण आफ्रिकेच्या कार्यक्रमात २००२ला एचआयव्ही असलेली 'कामी' नावाची बाहुली आली, कारण तो तिथल्या घरातला प्रश्न होता. आपल्याकडे २००६ला 'गली गली सिम सिम'मध्ये शाळेच्या गणवेशातली 'चमकी' ही बाहुली आली, पण हिंदी बोलणारी. नुसता आवाज बदलून भागत असतं तर हा खटाटोप कशाला? रावेरच्या पोराला मोजणी शिकवायची तर केळीच्या घडाच्या फण्या दाखवा. बहिणाबाईंनी अहिराणीतच एवढं शहाणपण सांगितलं ना?

मास्तर_जळगाव
ती पोस्ट माझीच. शिष्यवृत्तीचा पेपर प्रमाण मराठीत येतो, तिथे तुमच्या फण्या कामाला येत नाहीत. माझा पुतण्या पहिलीत 'हाई काय शे?' म्हणाला, तर अख्खा वर्ग हसला. ते मी विसरणार नाही.

लेवा_लेक
थांबा! बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची गाणी लेवा गणबोलीतली, म्हणजे आम्हा लेवा लोकांच्या बोलीतली. अहिराणी म्हणून खपवू नका.

तापीकाठ
सगळा खान्देश एकच आहे, ताई.

लेवा_लेक
मुळीच नाही! माझी आजी धुळ्याच्या अहिराणी बोलणाऱ्या विहिणीशी बोलताना दर वाक्याला अडायची. प्रमाणवाले आम्हाला पुसतात, तसंच तुम्हीही पुसताय.

मास्तर_जळगाव
बघा, तुमचंच एकमत नाही. कार्यक्रम करायचा कोणत्या बोलीत?

धडगावची_ताई
बहिणाबाईंवर भांडून झालं असेल तर सातपुड्यातलंही ऐका. माझ्या अंगणवाडीत पावरी बोलणारी एक मुलगी चित्रातली कोंबडी लगेच ओळखते, घरच्या शब्दात सांगते. मराठीत विचारलं की खाली मान. तिला येत नाही असं कागदावर लिहायचं? वर्ग हसला हा पुतण्याचा दोष नव्हता, मास्तर. त्या हसणाऱ्या पोरांनीही टीव्हीवर अहिराणी ऐकायला हवी.

मास्तर_जळगाव
बरं, शाळेआधीच्या वयाला बोली चालेल. पहिलीपासून प्रमाणच, यावर मी ठाम आहे.

तापीकाठ
एवढं तरी मानलंत! पण लिहायला पुण्या-मुंबईचे लेखक नकोत. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या आपल्या बायांना बसवा, आणि पैसे द्या त्यांना.

लेवा_लेक
लेवा बायांनाही. आणि बहिणाबाईंचं वाक्य आधी दुरुस्त करा.