पोस्टग्रेस: चालू टेबलमध्ये नॉट नल कॉलम घालायचा आहे, डेटा सीएसव्हीमधून

प्रश्न:
डेटाबेस पोस्टग्रेस १४. ऑर्डरच्या टेबलमध्ये ४ कोटी रेकॉर्ड आहेत. शाखा क्रमांकाचा इंटिजर (पूर्णांकाचा) कॉलम हवा, नॉट नल, म्हणजे रिकामा (नल) न चालणारा. व्हॅल्यू सीएसव्हीमधून (कॉमांनी वेगळ्या केलेल्या मजकुराच्या फाइलमधून) येणार. अ‍ॅप बंद ठेवता येत नाही. चाचणीत फाइल टेबलमध्ये भरणारी कॉपी कमांड 'इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स फॉर टाइप इंटिजर' म्हणत थांबते. क्रम काय ठेवू?

उत्तर १:
कॉलम आधी नल चालेल असाच, डिफॉल्टशिवाय जोडा. काम क्षणाचं आहे, पण त्याला अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, म्हणजे तोवर टेबल दुसऱ्या कुणाला वाचताही येत नाही. एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असला की ऑल्टर (कॉलम जोडणारी कमांड) त्याच्यामागे अडकतो आणि ऑल्टरमागे साधे सिलेक्टही (वाचनाच्या क्वेरी). म्हणून सेशनमध्ये आधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) २-३ सेकंद ठेवा, फसलं की परत चालवा. नव्या ऑर्डरमध्ये अ‍ॅप हा कॉलम भरू लागल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उत्तर २:
कॉपीचं म्हणाल तर सीएसव्हीमध्ये कॉमांमधली मोकळी जागा नल धरली जाते, पण "" असेल तर ती रिकामी स्ट्रिंग, आणि ती इंटिजरमध्ये बसत नाही. एररखालच्या कॉन्टेक्स्टमध्ये ओळ आणि कॉलम दोन्ही दिलेले असतात. कॉपीला फोर्स नल ("" लाही नल धरायला लावणारा पर्याय) लावून भागेल, पण मी तरी फाइल थेट मूळ टेबलच्या वाटेला जाऊ देणार नाही. सगळे कॉलम टेक्स्ट असलेलं अनलॉग्ड टेबल (बदलांचा लॉग न लिहिणारं, म्हणून वेगवान) करा, त्यात कॉपी करा, मग ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं), नलइफ (रिकाम्याचं नल करणं) आणि कास्ट (इंटिजरमध्ये बदलणं). ऑर्डर क्रमांक दोनदा आलाय का तेही ग्रुप बाय करून बघा. आला असेल तर अपडेट फ्रॉम (एका टेबलवरून दुसरं अपडेट करणं) त्यातली कुठलीही एक व्हॅल्यू उचलतं, एररही देत नाही. या टेक्स्ट टेबलमध्ये ऑर्डर क्रमांकावर इंडेक्स आणि अ‍ॅनालाइझ (टेबलची आकडेवारी ताजी करणं) करून मग १०-२० हजारांच्या तुकड्यांनी अपडेट, दर तुकड्याला कमिट (बदल कायम करणं). अपडेट प्रत्येक रेकॉर्डची जुनी प्रत मागे ठेवतं; सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकाच कमिटमध्ये) केलंत तर ४ कोटी जुन्या प्रती शेवटपर्यंत व्हॅक्यूमला (त्या साफ करणाऱ्या कामाला) हलवता येणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
"" च निघालं. शेवटी सेट नॉट नल सरळ चालवू का?

उत्तर १:
नको, लॉक धरून अख्खं टेबल वाचत बसेल. आधी 'इज नॉट नल' असा चेक (टेबलवरची अट), नॉट व्हॅलिड म्हणून, म्हणजे जुने रेकॉर्ड न तपासता. मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये व्हॅलिडेट (जुने रेकॉर्ड तपासणं); त्या वेळी वाचणं-लिहिणं चालू राहतं. त्यानंतर सेट नॉट नल, आवृत्ती १२ पासून तो या चेकवर विश्वास ठेवून वाचन टाळतो. मग चेक काढून टाका.

उत्तर २:
चेक डेटा पूर्ण भरल्यावरच घाला. नॉट व्हॅलिड असला तरी नव्या आणि बदललेल्या रेकॉर्डना तो लगेच लागतो. नल राहिलेली जुनी ऑर्डर अ‍ॅपने अपडेट केली की एरर येईल, मग दुसराच कॉलम का बदललेला असेना.