शब्दचर्चा : भूकंपानंतर अणुभट्टी 'बंद' झाली म्हणजे नेमकं काय झालं?

कुठंही मोठा भूकंप झाला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात दोन दिवसांच्या आत कैगाचा, म्हणजे कारवारकडच्या अणुवीज प्रकल्पाचा, विषय निघतोच. ३० जुलै २०२५ ला रशियातल्या कामचाटकाजवळ ८.८ चा झाला, त्सुनामीच्या इशाऱ्यामुळं जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या कामगारांना उंचावर हलवल्याची बातमी आली आणि लगेच सुरू, कैगाला असं झालं तर काय, वारा इकडं असला तर काय, काळी नदीचं पाणी पुढं कारवारपर्यंत जातंय त्याचं काय. मग कुणीतरी जाणता माणूस सांगतो, "घाबरू नका, भूकंप आला की भट्टी आपोआप बंद होते." एवढ्यावर चर्चा संपते. मला वाटतं ती तिथं संपू नये, कारण 'बंद' ह्या शब्दातच सगळी गडबड आहे.

आपण बंद कशाला म्हणतो बघा. पंखा बंद, मोटर बंद, दुकान बंद, म्हणजे काम संपलं, आता तिकडं बघायची गरज नाही. आणि 'बंद पडली' म्हटलं की बिघडली, मेकॅनिक बोलवा. अणुभट्टीचं ह्या दोन्हीपैकी काहीच होत नाही. जमीन ठराविक मर्यादेपेक्षा जास्त हलली की नियंत्रक दांडे आपोआप आत जातात आणि युरेनियमचे अणू फुटायची साखळी काही सेकंदात थांबते, ह्याला शटडाउन म्हणतात आणि मराठी पेपरात त्याचंच 'बंद' होतं. इथपर्यंत तो जाणता माणूस बरोबर आहे. पण जे अणू आधीच फुटलेत त्यांचे तुकडे स्वतः किरणोत्सर्गी असतात, ते विघटन होत राहतात आणि उष्णता देत राहतात, ती कुठल्याही बटणानं थांबत नाही. बंद केल्याकेल्या ही उष्णता पूर्ण ताकदीच्या ६-७ टक्के असते, काही तासांनी साधारण १ टक्का, मग हळूहळू कमी. कैगाचं एक युनिट, म्हणजे एक भट्टी, २२० मेगावॉट विजेचं, त्यासाठी आतली उष्णता ७०० मेगावॉटच्या वर लागते, म्हणजे 'बंद' झाल्याच्या क्षणाला सुद्धा आत ४०-५० मेगावॉट उष्णता तयार होत असते आणि ती काढून न्यायला पाणी फिरतं ठेवावंच लागतं.

फुकुशिमात नेमकं हेच झालं आणि ते अजून कितीतरी लोकांना माहीत नाही, लोकांना वाटतं भूकंपानं भट्टी फुटली. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा सहापैकी १, २, ३ नंबरची युनिटं चालू होती, तिन्ही लगेच बंद झाली, ठरल्याप्रमाणं. बाहेरून येणारी वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू झाले, तेही ठरल्याप्रमाणं. साधारण ५० मिनिटांनी १४-१५ मीटरची लाट आली, प्रकल्पाचा अंदाज ५.७ मीटरचा होता, आणि तळघरातले जनरेटर, वीज वाटपाचे पॅनल सगळे पाण्यात गेले. पाणी फिरवायला वीज नाही. गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, तापत गेला, इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण वाफेबरोबर प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, इंधन वितळलं, आणि १२ मार्चला १ नंबरची, १४ ला ३ नंबरची, १५ ला ४ नंबरची इमारत हायड्रोजनच्या स्फोटानं उडाली. तीन 'बंद' भट्ट्या वितळल्या. ६ नंबरचा एक जनरेटर हवेवर थंड होणारा आणि वरच्या जागेवर होता, तो तेवढा वाचला, त्याच्यावर ५ आणि ६ निभावल्या.

म्हणून माझा प्रश्न असा की मराठीत ह्या अवस्थेला काय म्हणावं, म्हणजे साखळी थांबली आहे पण भट्टी अजून ऊन, म्हणजे गरम, आहे अशा. इंग्रजीत हॉट शटडाउन, कोल्ड शटडाउन असे दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडं दोन्हीला बंदच.

आमच्या सीमाभागात आणखी एक भानगड आहे, आम्ही बातमी दोन भाषांत वाचतो. कन्नडमध्ये अणुवीज प्रकल्पाला 'अणु विद्युत स्थावर' म्हणतात, मराठी माणसाला स्थावर म्हणजे जमीनजुमला, उताऱ्यावरचा शब्द. युनिटला 'घटक'. आणि युनिट बंद झालं की कन्नड पेपरात येतं 'स्थगित', जे मराठी वाचणाऱ्याला 'पुढं ढकललं' असं वाटतं. सगळ्यात घोटाळ्याचा शब्द 'अवघड'. कन्नडमध्ये 'अवघड' म्हणजे दुर्घटना, तर आपल्याकडं कठीण. आमच्या शेजारच्या मावशींना दोन्ही भाषा येतात पण लिहिलेलं मराठीच वाचतात, त्यांनी टीव्हीवर "कैगा अवघड" असं काहीतरी ऐकलं आणि विचारत होत्या, "कैगाचं अवघड झालंय म्हणूलालेत, म्हंजे पैसं न्हाईत काय त्यांच्याकडं?" दुर्घटनेच्या तयारीवरचा कार्यक्रम होता तो. आणि डीपीवर, म्हणजे विजेच्या पेटीवर, कवटीखाली लिहिलेलं 'अपाय', कन्नडमध्ये धोका, मराठीत इजा किंवा नुकसान. एवढ्या जवळच्या भाषा आणि नेमके भीतीचेच शब्द कसे वेगळे निघतात बघा.

तर सांगा, तुमच्याकडं काय शब्द वापरतात?

प्रतिसाद (उद्यमबाग, बेळगाव)

दादा, फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. आमच्याकडं इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर लोखंड वितळवायची भट्टी, आहे, लाईट गेली की वितळवायचं काम थांबतं पण आत टनभर लोखंड रस झालेलं असतंय, आणि कॉइलमध्ये पाणी फिरलं नाही तर कॉइल जाते, म्हणून करंट गेला तरी पाणी थांबू द्यायचं नाही हा पहिला नियम. वरच्या टाकीतनं आपोआप पाणी येतं, डिझेल पंप वेगळा, आणि तो पंप अधूनमधून चालवून बघायचा, नुसता ठेवायचा नाही. आम्ही "फर्नेस बंद झाली" असं म्हणत नाही, "पॉवर काढली" म्हणतो. मला वाटतं अणुभट्टीला पण "साखळी तोडली" म्हणावं, बंद नको.

मूळ लेखक

ही माहिती फार कामाची आहे, तुमच्या भागात भट्टी हा शब्द रोजचा असल्यानं अणुभट्टी म्हटलं की डोळ्यापुढं तीच येते आणि ते चांगलंच आहे. एक फरक मात्र लक्षात घ्या, तुमच्या फर्नेसमध्ये असलेली उष्णताच फक्त बाहेर पडते, नवीन तयार होत नाही, एकदा लोखंड ओतून टाकलं की विषय संपला. अणुभट्टीत दांडे घातल्यावरही नवीन तयार होत राहते आणि ओतून टाकायची सोय नाही. वापरलेलं इंधन बाहेर काढलं तरी ते वर्षानुवर्षं पाण्याच्या हौदात ठेवतात, ते ह्याच कारणानं. "साखळी तोडली" चांगलं आहे, पण तोडल्यानंतरच्या अवस्थेला अजून शब्द पाहिजे.

प्रतिसाद (निपाणी)

'निवणे' आहे की. चहा निवला, भात निवला, तवा निवू दे मग घास. आमच्याकडं घरोघरी बोलतात. भट्टी बंद झाली पण निवली नाही. झालं तुमचं हॉट आणि कोल्ड.

दुसरं, किरणोत्सर्ग म्हणावं का विकिरण? शाळेत मुलं दोन्ही लिहितात, हिंदी आणि कन्नड दोन्हीकडं विकिरण आहे म्हणून.

मूळ लेखक

निवणे! अगदी हाच शब्द पाहिजे होता, हा आपल्या तोंडात असून सुचत नव्हता. जपान सरकारनं फुकुशिमाच्या त्या तीन भट्ट्या निवल्याचं, म्हणजे कोल्ड शटडाउनच्या स्थितीत आल्याचं, १६ डिसेंबर २०११ ला जाहीर केलं. बंद झाल्या ११ मार्चला. मधले नऊ महिने हा एक शब्द सांगतो, 'बंद' ते सगळे झाकून टाकतो.

विकिरणाबद्दल, मराठीत किरणोत्सर्गच रुळलंय आणि राहू दे. पण मला त्याची अडचण वेगळी वाटते, एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो, बाहेर पडणारे किरण आणि ते किरण सोडणारी धूळ. "किरणोत्सर्ग वाऱ्यानं बेळगावला येईल काय" असं विचारतात तेव्हा खरं म्हणजे किरण वाऱ्यानं येत नाहीत, भट्टीतले किरण शंभर किलोमीटर चालत येत नाहीत, येऊ शकते ती किरणोत्सर्गी धूळ आणि वायू, पावसाबरोबर गवतावर पडते, गुरं खातात, दुधात उतरते. त्या धूळ-वायूतल्या आयोडीन १३१ चं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ८ दिवस, सीझियम १३७ चं ३० वर्षं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांचं दूध आणि पुढच्या कित्येक वर्षांची जमीन हे दोन वेगळे प्रश्न होतात. 'किरण' आणि 'किरणोत्सर्गी धूळ' असं वेगळं बोललं तर निम्मी भीती योग्य जागी जाते. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मीठ पोतीच्या पोती घेतलं होतं, मिठातलं आयोडीन किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचायला अजिबात पुरत नाही, त्याच्या आयोडीनच्या गोळ्या वेगळ्या असतात आणि त्या सांगितल्याशिवाय घ्यायच्या नसतात.

प्रतिसाद (खानापूर तालुका)

तुम्ही सगळे शब्दांवर बोलताय, बोला, पण आमच्या बाजूनं बघितलं तर जोयडा आमच्या बांधाला लागून आहे आणि कैगा त्याच्या पलीकडं. इथल्या लोकांची भीती अडाणी नाही. मे १९९४ मध्ये कैगाच्या भट्टीवरच्या घुमटाचं काँक्रीट बांधकाम चालू असतानाच कोसळलं होतं, नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळला आणि पन्नासावर कामगारांच्या अंगात गेला. दरवेळी आम्हाला एकच वाक्य, सर्व काही सुरक्षित आहे. आणि वरच्या बाजूला कोडसळ्ळी धरण, त्याच्यावर सुपा धरण, भूकंपात भट्टी टिकली आणि धरण गेलं तर? हा प्रश्न विचारला की अफवा पसरवतो म्हणतात.

मूळ लेखक

तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि फुकुशिमानं तोच शिकवला, भूकंपानं भट्टी नाही गेली, भूकंपामागून आलेल्या पाण्यानं गेली. त्यामुळं धरणाबद्दल विचारणं म्हणजे अफवा म्हणणाऱ्याला फुकुशिमा समजलेलाच नाही. धरणाच्या पाण्याची पातळी कुठपर्यंत येऊ शकते आणि कैगाचे जनरेटर त्याच्या किती वर आहेत, हे साध्या मराठी-कन्नडमध्ये लिहून ग्रामपंचायतीत लावलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण शब्दांपासून ते वेगळं नाही. "सर्व काही सुरक्षित" मध्ये सुरक्षा आणि सुरक्षितता मिसळतात. गेटवरचा जवान, कुंपण, पास, ही सुरक्षा. भट्टी निवत राहील ह्याची सोय, ही सुरक्षितता. लोक दुसऱ्याबद्दल विचारतात आणि उत्तर बऱ्याचदा पहिल्याचं मिळतं.

आणि दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. भूकंपच पाहिजे असं नाही, ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात नरोराच्या अणुप्रकल्पात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या, १७ तास प्रकल्पात वीज नव्हती. भट्टी बंद होती पण निवली नव्हती. तिथल्या कर्मचाऱ्यांनी डिझेलवरच्या आगीच्या पंपानं बॉयलरला पाणी दिलं, आतलं जड पाणी, म्हणजे गाभ्यातली उष्णता वाहून नेणारं खास पाणी, उष्णतेनं आपलं आपण फिरत राहिलं आणि गाभा वाचला. कैगाची बनावट त्याच जातीची आहे, पंप नसताना तसं पाणी फिरू शकतं हा ह्या भट्ट्यांचा मोठा आधार आहे. पण त्यासाठी बॉयलरमध्ये बाहेरून पाणी येत राहिलंच पाहिजे. जपानातच ओनागावाचा प्रकल्प फुकुशिमापेक्षा भूकंपकेंद्राला जवळ होता, तो उंचावर बांधलेला म्हणून वाचला, आसपासच्या गावकऱ्यांनी त्याच्याच जिममध्ये आसरा घेतला.

प्रतिसाद (चंदगड रोड)

आणि रिश्टर? पेपरात "कैगा इतक्या रिश्टरचा भूकंप सहन करू शकतो" असं छापतात.

मूळ लेखक

ते छापू नये. रिश्टर किंवा आताचं परिमाण हे भूकंपात एकूण किती ऊर्जा सुटली त्याचं माप, प्रकल्पाची जमीन किती हलली त्याचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा ६.२ चाच होता, उथळ होता आणि दगडमातीची घरं होती, सुमारे दहा हजार माणसं गेली. उलट २६ जानेवारी २००१ ला कच्छचा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा झाला तेव्हा गुजरातमधलंच काक्रापारचं अणुवीज केंद्र चालू राहिलं, कारण अंतर होतं. प्रकल्प बांधताना जमिनीला किती जोराचा धक्का बसेल, म्हणजे त्वरण, ते धरतात. म्हणून विचारायचं ते "किती रिश्टर" नाही, "किती हादरा धरून बांधलंय आणि तो आकडा कशावरून काढलाय". ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतोय, त्याच्या आधी तो सगळा भाग भूकंपाचा नाही असंच समजत होते.

प्रतिसाद (निपाणी)

आमच्या आईला आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणते 'निवली' बरोबर आहे, पण 'निवत ठेवणे' असा पण प्रयोग आहे, म्हणजे आपण लक्ष ठेवून गार करायचं, झाकण काढायचं, पाण्यात ठेवायचं. नुसतं निवणं आपलं आपण होतं.

मूळ लेखक

आईंना नमस्कार सांगा. मग असं लिहूया : "भूकंपामुळे युनिटमधील साखळी प्रक्रिया थांबवण्यात आली असून भट्टी निवत ठेवण्याचे काम सुरू आहे." बातमीत हे वाक्य बसतंय, आणि वाचणारा लगेच पुढचं विचारेल, कशानं निवत ठेवलीय, पाणी कुठनं, वीज कुठनं, किती दिवस पुरेल. खानापूरच्या मित्राला ग्रामसभेत अर्ज द्यायचा असेल तर मराठी-कन्नड दोन्ही मसुदा मी करून देतो, कन्नडमध्ये 'स्थगित' च्या पुढं काय लिहायचं तेवढं कुणीतरी कन्नड शिकवणाऱ्यानं सांगा.