अनुभव धागा : वादळ गेल्यावर पहिला दिवा कुणी लावला?

आपल्याकडे वादळं नाव घेऊन येतात, फयान, निसर्ग, तौक्ते. काही बिननावाची घरातल्या घरातच उठतात. त्यात तुमचं घर कशाच्या आधाराने उभं राहिलं, ते लिहा. देव आहे की नाही यावरून भांडायला मात्र येऊ नका, त्यासाठी माझं सासर पुरेसं आहे. सुरुवात मीच करते.

मुरुड, ता. दापोली
३ जून २०२०. दुपारी पडवीची कौलं पानांसारखी उडायला लागली, तसे आम्ही सहाजण माजघरात शिरलो. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि मधेच "अरे, गोठ्याची कडी!" म्हणून ओरडत होत्या. संध्याकाळी बाहेर आलो तर मागच्या दारातून समुद्र दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून एकोणीस वर्षांत तो तिथून कधी दिसला नव्हता, मधे आमची सुपारीची वाडी होती.

अडीचशे पोफळींतल्या चौदा उभ्या. पोफळ लावली की फळायला सहा-सात वर्षं, आणि सासरे तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. अण्णा पाण्याच्या दोणीच्या काठावर बसून राहिले. रात्री काड्यापेटी ओली म्हणून सासूबाईंनी चुलीतल्या निखाऱ्यावर वात पेटवली आणि देवापुढे ठेवली. मला रागच आला. म्हटलं, "आई, आज कशाला?" तर म्हणाल्या, "अगं, त्याच्याही डोक्यावर आज कौल नाहीये."

वीज यायला दीड महिना गेला. पाचव्या दिवशी धाकटे दीर मुंबईहून टेम्पोतून ताडपत्री आणि झाडं कापायचं मशीन घेऊन आले. टाळेबंदी असल्याने त्यांना शाळेत विलगीकरणात बसवलं. मशीन घरी, दीर शाळेत! वाटणीवरून दोघा भावांत तीन वर्षं अबोला होता. पण ह्यांना मशीन चालवता येईना, शेवटी शाळेच्या गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य होतं, "ऑइल किती घालू?"

त्याच पावसात अण्णांनी नवी रोपं लावायला घेतली. कुणासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

हर्णै
फयान, नोव्हेंबर २००९. बाबांची होडी दोन दिवस लागली नव्हती. आईने नवसाचा नारळ काढून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी बाबा आले. शेजारच्या घरातले काका, दुसऱ्या होडीवर होते, ते आले नाहीत. मी दहा वर्षांची, आनंदाने नाचत होते. आईने दंड धरून आत ओढलं, "गप. भिंत एकच आहे." तो नारळ तिने त्यांचं कार्य उरकेपर्यंत फोडला नाही. मग फोडला तेव्हा अर्धी वाटी त्या घरी गेली. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात मामाच्या जागी माझे बाबाच उभे राहिले.

चिपळूण
२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिवनदी एकदम चढल्या, त्यात भरती. दुकानाच्या भिंतीवर बाबांनी २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवलेली आणि सगळा माल रेघेच्या वरच्या फळीवर. पाणी त्या फळीच्याही वर गेलं. विम्याचं विचारू नका. लोक म्हणतात, देवाने वाचवलं. मग ज्यांना नाही वाचवलं त्यांचं काय, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बाबांनी चिखलातून तराजू काढला, धुतला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मगच रडले. तोवर एक शब्द नाही.

चिपळूणच, खालची आळी
त्या रात्री आमच्या माडीवर चार घरची माणसं होती, पाय ठेवायला जागा नाही. पहाटे अम्मी नमाजला उठली. शेजारच्या आजींनी पाय आखडून घेतले, नातवाला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "घे करून, आमचंही सांग त्याला."

मालवण
मी देव मानत नाही, आधीच सांगतो. वडिलांची किडनी गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दीड वर्ष. आईने गावी रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायला लावलं आणि मला फोन कानाला धरून ठेवायला सांगितला. "ह्या घरावर जा काय संकट इला असात, ता दूर कर रे म्हाराजा!" आणि मागून पाच-सहा आवाज, "व्हय म्हाराजा!" मी मनातून हसलो.

वडील गेले. देव मी अजूनही मानत नाही. पण त्या पाच-सहांतले तिघे दीड वर्ष आळीपाळीने रिक्षा घेऊन पहाटे दारात उभे राहिले. एकदा "व्हय म्हाराजा" म्हटलं की माणूस अडकतो बहुतेक. पुढच्या जत्रेत मागे उभा राहून मीही म्हटलं. सवयीने, असं बायकोला सांगितलं.

हर्णै
मुरुडच्या ताई, ती रोपं जगली का?

मुरुड, ता. दापोली
शंभरेक जगली, बाकीची वानरांनी नेली. अण्णा त्यानंतर तीन वर्षांनी गेले. यंदा तीन पोफळींना पहिलं शिंपुट (सुपारीचा घोस) धरलंय, दीर फोटो मागवून मागवून डोकं खातात. मागच्या दारातून समुद्र अजून दिसतो, पण आता तुकड्या-तुकड्यांनी.