वडिलांचा ॲस्बेस्टॉसिस जुन्या कामामुळेच झाला, हे कोर्टात कसं सिद्ध करायचं?

काळाचौकीची लेक

नमस्कार. माझे बाबा १९७२ ते १९८२ गिरणगावातल्या एका मिलच्या बॉयलर खात्यात लॅगिंग करायचे. वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचा दोर गुंडाळायचा, भुकटी पिंपात कालवून हाताने लिंपायची, जुनं लॅगिंग ठोकून काढायचं. संपात मिल सुटली. मग १९८४ ते १९९७ एका कंत्राटदाराकडे तेच काम, कधी खताच्या कारखान्यात, कधी केमिकल कंपनीत. तोंडाला रुमाल बांधायचे, तोही घरचा.

दहा वर्षांपासून दम आहे. दोनदा टीबीचा कोर्स झाला, थुंकीत जंतू एकदाही निघाले नाहीत. गेल्या वर्षी सीटी स्कॅन केला तेव्हा ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं आखडत जाणं, हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा ऐकला. बाबा ७३ वर्षांचे आहेत. दोन जिने चढताना तीनदा बसतात.

एका वकिलांनी फाईल चाळून परत दिली. म्हणाले, "बिडी ओढायचे, खिडकीत कबुतरं, मिल बंद, त्यात दोन मालक. कशाने झालं ते कसं सांगणार?" पैशांसाठी विचारत नाही असं म्हणणार नाही, ऑक्सिजन मशीनचं भाडं दर महिन्याला आहे. पण बाबांना हे बिडीने झालं असं कुणी कागदावर लिहिलेलं मला सहन होणार नाही. नेमकं काय लागतं?

छातीचा डॉक्टर, ठाणे

ताई, बिडीचं उत्तर स्कॅनमध्येच असतं. रिपोर्टमध्ये "प्लूरल प्लाक" असा शब्द आहे का बघा. फुप्फुसाच्या आवरणावर साचलेले हे चट्टे, बऱ्याचदा चुना धरलेले. ते बिडीने होत नाहीत, कबुतरांनीही होत नाहीत. दोन्ही बाजूंना असतील तर ॲस्बेस्टॉसची जवळजवळ सहीच समजा. बिडीने श्वासनळ्या अरुंद होतात आणि फुप्फुस फुगतं, ॲस्बेस्टॉसिसमध्ये ते खालच्या भागापासून आखडत जातं. फुंकर मारायच्या तपासणीत हा फरक आकड्यांत दिसतो, म्हणून ती जरूर करून घ्या. कबुतरांमुळेही फुप्फुस आखडू शकतं, तो प्रश्न समोरचा वकील विचारणारच. तिथे हे चट्टे उपयोगी पडतात.

पंचवीस-तीस वर्षांनी आजार उघड होणं ही तुमची कमजोरी नाही. हा आजार असाच येतो.

एक कळकळीची विनंती. डॉक्टरांकडून "सुसंगत वाटते" एवढ्या दोन शब्दांचा दाखला घेऊ नका. किती वर्षं कुठलं काम केलं, स्कॅनमध्ये काय दिसलं, टीबी का नाही, बिडी का नाही, हे कारणांसकट लिहून मागा. दाखल्यात कामाचा इतिहास नसेल तर उलटतपासणीत तो टिकत नाही. आणि केवळ कोर्टासाठी या वयात फुप्फुसाचा तुकडा काढू देऊ नका.

लेबर कोर्टातली वकील

ॲस्बेस्टॉसने फुप्फुसं खराब होतात हे आज कुणाला नव्याने सिद्ध करावं लागत नाही. भांडण असतं ते "या माणसाला, याच कामातून" एवढ्यावर. तिथेही शंभर टक्के खात्री लागत नाही. काम हे कारण असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, एवढं दाखवायचं.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली), तिसरी अनुसूची, भाग क, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी. ॲस्बेस्टॉसिस त्यात आहे. ठरलेला काळ नोकरी झाली असेल आणि नोकरीत असतानाच आजार जडला असेल, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, नाही म्हणायचं तर मालकाने सिद्ध करायचं. नोकरी सुटल्यावर आजार निघाला तर मात्र हे ओझं कामगारावर येतं. ज्या रोगाला डोकं वर काढायला वीस-तीस वर्षं लागतात, त्याला ही अट लावणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

दोन मालकांची भीती सोडा. १९२३ च्या कायद्याचं कलम ३(२अ) सांगायचं की भाग क मधला आजार एकाहून जास्त मालकांकडे जडला असेल तर सगळे जबाबदार, कुणी किती द्यायचं ते नुकसानभरपाई आयुक्त ठरवतील. इंग्लंडमध्ये हाच पेच २००२ साली फेअरचाइल्ड खटल्यात आला होता. कुठल्या मालकाकडचा तंतू नडला हे विज्ञान सांगू शकत नव्हतं, आणि खालच्या कोर्टात कामगारांच्या घरचे हरले होते. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, तो निर्णय फिरवला.

खरी अडचण मुदतीची आहे. अर्ज दोन वर्षांत करायचा असतो. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. आजाराचं नाव पहिल्यांदा कळलं ती स्कॅनची तारीख तुमचा आधार आहे, आणखी एक महिनाही घालवू नका. बाबांची मिलमध्ये ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर त्या वर्षांचा दावा ईएसआयकडे जातो, म्हणून दोन्ही वाटा वेगळ्या ठेवा.

कंत्राटदाराला आणि ज्या कारखान्यांत काम केलं त्यांना लेखी पत्र देऊन आरोग्य नोंदी मागा. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवाव्यात, असा सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा आदेश आहे. खताचा कारखाना त्यात बसत नाही म्हणून वाद घालतील, तरी मागा. उत्तर आलं नाही तर तेही कोर्टापुढे ठेवता येतं.

जुना लॅगर

मुली, मी परळच्या एका मिलमध्ये हेच काम केलंय. गिरणी कामगारांच्या म्हाडाच्या घरासाठी बाबांनी फॉर्म भरला होता का? भरला असेल तर तिकीट नंबर, ईएसआय कार्ड, फंडाच्या पावत्या त्या फाईलमध्ये असणार. पण त्यातून नोकरी सिद्ध होते, धूळ नाही. धुळीला साक्षीदार माणूसच लागतो. जुनं लॅगिंग फोडताना समोरचा गडी दिसायचा नाही, हे आमच्यासारखाच सांगू शकतो. बाबांच्या खात्यातले कोण हयात आहेत ते शोध आणि आधी त्यांची प्रतिज्ञापत्रं कर. आमच्या आठ जणांतले आता दोघेच उरलोत.

काळाचौकीची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हाडाची फाईल पत्र्याच्या पेटीत सापडली, ईएसआय कार्डासकट. रिपोर्टमध्ये तो "प्लूरल प्लाक" शब्द आहे, "दोन्ही बाजूंना" असंही लिहिलंय. बाबांच्या खात्यातले एक काका कणकवलीला असतात, रविवारी निघते आहे.

डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. बाबांचे कामाचे कपडे आई रोज मोरीत झटकून धुवायची, पंचवीस वर्षं. तिलाही गेल्या पावसाळ्यापासून कोरडा खोकला आहे.

छातीचा डॉक्टर, ठाणे

याच आठवड्यात त्यांचा एक्स-रे काढा. आणि कपडे धुण्याची ही गोष्ट तिथल्या डॉक्टरांना तुम्हीच सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत.